आतली कडी

५ फेब्रुवारी

अडतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. निवृत्त होताना ठरवलं होतं, आता एक ओळही लिहायची नाही. पण घरात काम काढलं की नोंद हवी. नाहीतर मिस्त्री म्हणतो मंगळवारी आलो होतो, आपण म्हणतो बुधवारी, आणि दोघंही तावातावाने खरं बोलत असतात. म्हणून ही वही.

काम बाथरूमचं आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑक्टोबरात हिला झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. हॉस्पिटलातून दोन माणसांनी खुर्चीत बसवून वर आणलं, त्यानंतर ही जिना उतरलेली नाही. घरात चाकाची खुर्ची आहे, पण बाथरूमचं दार दोन फुटांचं आणि खुर्ची सव्वादोन. दारापासून पुढे मी धरून नेतो. आत गेलं की ही म्हणते, "आता जा तुम्ही," आणि आतून कडी लावते. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मिनिटं आत. मी दर पाच मिनिटांनी दार वाजवतो. "अगं, बरी आहेस ना?" पहिल्या वेळी "हो" म्हणते, दुसऱ्या वेळी "हो हो", तिसऱ्या वेळी काहीच म्हणत नाही. मग माझा जीव टांगणीला.

तर बेत असा: भिंत थोडी कापून दार तीन फुटांचं करायचं, सरकतं, बिनकडीचं. टब काढायचा. बेसिन खुर्चीच्या वाटेत येतं, तेही काढायचं. कमोडच्या जागी पाणी जायचा उतार, कमोड पलीकडे. मिस्त्रीने सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर आखून दिलं. हिला दाखवलेलं नाही. आजारी माणसाच्या डोक्याला ताप कशाला? झालं की दाखवू.

मिस्त्रीला विचारलं, परवानगी वगैरे लागते का. तो म्हणाला, "काका, स्वतःच्या घरात आंघोळ करायला परवानगी घेता का?" दोघंही हसलो.

९ फेब्रुवारी

सकाळी ९.१० ला घण पडला. दुपारपर्यंत टब, कमोड, बेसिन बाहेर आणि दाराच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत खाली. हिच्या खोलीच्या दाराला ओली चादर लावली होती, तरी धूळ गेलीच. आतून विचारत होती, "काय काढलं आता?"

"बेसिन."

"बेसिन कशाला?"

"खुर्ची वळायला जागा नको?"

आत जाऊन पाहिलं तर भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. धूळ फार वाईट. मी डोळे पुसून दिले, तर मान फिरवली.

तात्पुरती सोय म्हणून भोकाची खुर्ची आणली आहे, खाली डबा असलेली. ती बेडरूममध्ये पडद्याआड ठेवली. दहा दिवसांचा प्रश्न आहे.

११ फेब्रुवारी

व्यायामाच्या बाई आल्या. आठवड्यातून दोनदा येतात, हिचे हातपाय हलवून घेतात. बाथरूममध्ये डोकावल्या आणि थबकल्या. "बेसिन काढलंत?" मी हौसेने सगळा बेत समजावून सांगितला. त्यांनी हिच्याकडे पाहिलं, हिने त्यांच्याकडे. मग बाईंनी माझ्याकडे पाणी मागितलं. कधी मागत नाहीत. पाणी घेऊन आलो तर दोघी गप्प.

एरवी चाळीस मिनिटं थांबतात. आज पासष्ट. जाताना पिशवीत काहीतरी कोंबत होत्या. बहुतेक व्यायामाचा तक्ता.

१७ फेब्रुवारी

काम बंद.

साडेअकराला नगर कार्यालयाचा माणूस आला. त्याने अर्धवट भिंतीचे फोटो काढले आणि दारावर नोटीस चिकटवली. 'स्नानगृहातील भिंत, दरवाजाचे माप व सांडपाण्याची नळी यांत विनापरवाना बदल.' तक्रार आली आहे म्हणे. परवानगी मिळेपर्यंत एक वीटही हलवायची नाही, नाहीतर खटला.

मिस्त्री हत्यारं गोळा करत म्हणाला, "फरशी बदलणं, नळ बदलणं, याला लागत नाही परवानगी. भिंत आणि नळीला लागते."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाथरूमला लागते का विचारलंत. भिंतीला लागते का कुठे विचारलंत?"



१८ फेब्रुवारी

तक्रार कोणी केली? रात्रभर नाही, पण दिवसभर तोच विचार. आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली घड्याळवाल्यांचं घर. एकटेच राहतात, खिडकीशी बसून घड्याळं दुरुस्त करतात. घणाचा आवाज त्यांच्याच डोक्यावर. दुसरं कोण असणार?

ऑक्टोबरातल्या त्या दिवशी तेच वर आले होते. वर काहीतरी पडलं का, म्हणून विचारायला. दाराच्या वरच्या झडपेची काच त्यांनीच काढली आणि तार घालून आतली कडी सरकवली. हात कसला स्थिर. तेव्हापासून ते जिन्यात दिसले की मला नको वाटतं. का ते माहीत नाही. काही माणसं आवडत नाहीत, एवढंच.

त्या दिवसाबद्दल या वहीत लिहायचं नाही.

२० फेब्रुवारी

जिन्यात गाठलंच त्यांना. भिंग कपाळावर सरकवलेलं होतं. म्हटलं, "तोंडावर येऊन सांगायचं होतंत. पाठीमागून कागद कशाला पाठवायचे?"

"कसले कागद?"

"आजारी बाई आहे घरात. थोडी तरी लाज बाळगा."

त्यांनी भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "वहिनी कशा आहेत?" मी उत्तर न देता वर आलो.

हिला सांगितलं तर उठून बसायला लागली. "त्यांना का बोललात?"

"तेच आहेत. दुसरं कोण?"

"ते नाहीत."

"तुला काय माहीत?"

तिने पाणी मागितलं. अर्धा ग्लास प्यायली आणि म्हणाली, "त्यांची माफी मागा." आजारपणात माणूस भलताच हळवा होतो.

२३ फेब्रुवारी

कार्यालयाची खिडकी दहा ते एक. हिला तासाभरापेक्षा जास्त एकटं सोडता येत नाही, जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं. म्हणजे रांगेला वीस मिनिटं. आज नंबर लागला तेव्हा माझी वेळ संपत आली होती. खिडकीवरच्या बाईंनी यादी दिली: परवानाधारकाचा नकाशा, भिंत भार घेते की नाही याचा इंजिनियरचा दाखला, प्लंबरचा दाखला, खालच्या घराचं ना हरकत पत्र, घराच्या सहमालकाची लेखी संमती, आणि काम सुरू होण्यापूर्वीचे स्नानगृहाचे फोटो.

"बाई, बाथरूमचे फोटो कोण काढून ठेवतं?"

"पुष्कळ जण ठेवतात," त्या म्हणाल्या. "पुढचे!"

१ मार्च

दहा दिवसांचे वीस झाले. मी खाली वॉचमनच्या संडासात जातो. चोपन्न पायऱ्या, दिवसातून चार-पाच वेळा. आंघोळ स्वयंपाकघराच्या मोरीपाशी बसून.

हिला मी ओल्या फडक्याने पुसून घेतो. पाणी कोमट करतो, पडदा लावतो, जे करायचं ते नीट करतो. ही पूर्ण वेळ डोळे मिटून असते. त्रेचाळीस वर्षं नवरा आहे मी, परका आहे का? पण एकदाही डोळे उघडत नाही. भोकाच्या खुर्चीवर बसवून मी पडद्याबाहेर थांबतो, तर तिथूनही म्हणते, "लांब जा." आणखी लांब जायला घर आहे कुठे? दोन खोल्या.

मुलीचा फोन आला. "बाबा, आई बोलत का नाही?" म्हटलं, बोलते की. मुलगी म्हणाली, "हो-नाही म्हणजे बोलणं नाही, बाबा."

६ मार्च

नकाशा झाला, इंजिनियर येऊन गेला. भिंत भार घेणारी नाही, देवाची कृपा. फोटोंचं मुलीने निभावलं. नातवाचा लहानपणी टबात बसवून काढलेला फोटो तिच्याकडे होता. नातू उघडा, तोंडभर फेस, मागे टब आणि बेसिन स्पष्ट. सरकारी फायलीत तो आता तसाच राहणार.

ना हरकत पत्रासाठी खाली जाणं भाग होतं. पाठ केलेलं वाक्य दारातच विसरलो. घड्याळवाल्यांनी कागद घेतला, वाचलाही नाही, सही केली. "लवकर होऊ दे," म्हणाले. सही अगदी सहज केली. मन खात असेल. दुसरं काय?

९ मार्च

आता फक्त सहमालकाची संमती. घर आमच्या दोघांच्या नावावर. हिच्या पुढ्यात अर्ज आणि नकाशा ठेवला, पेन डाव्या हातात दिलं. म्हटलं, "इथे."

"ठेवा. वाचते."

"वाचायचं काय त्यात? दार आहे, भिंत आहे."

"वाचते म्हटलं ना."

१२ मार्च

अजून वाचतेच आहे. नकाशावर नखाने कुठेकुठे खुणा केलेल्या दिसल्या. शिवणकामाच्या वर्गात मुलींना कापड बेतायला शिकवायची, कागद दिसला की हात जातोच.

१६ मार्च

आठ दिवस. आज विचारलं, सही झाली का. म्हणाली, "दाराला कडी का नाही?"

"सुरक्षिततेसाठी. तू पडलीस बिडलीस तर?"

"मग सही नाही."

मी हसलो. समजावलं, मग थोडा चढ्या आवाजात समजावलं. तिने कागद उशाखाली घातला आणि डोळे मिटले. झटक्यानंतर विचारशक्तीवर थोडा परिणाम होतो, डॉक्टर म्हणालेच होते. अशा माणसाच्या सहीसाठी सगळं अडवून धरायचं का? तिच्याच भल्याचं काम, तिचेच हाल चाललेत.

दुपारी ती झोपल्यावर कागद काढून घेतला आणि तिची सही मी केली. इतकी वर्षं पाहिलेली सही, शेवटचा फराटा वर जाणारा. हुबेहूब झाली. लिहून ठेवतो, कारण या वहीत खोटं लिहायचं नाही.

१८ मार्च

खिडकीवरच्या बाईंनी सगळे कागद मोजले. नातवाचा फोटो पाहून पहिल्यांदाच हसल्या. मग संमतीपत्र हातात घेऊन फाईल उघडली आणि थांबल्या.

"काका, ही सही फाईलमधल्या सहीशी जुळत नाही."

"फाईलमध्ये तिची सही कुठून आली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि फाईल माझ्या बाजूला वळवली.

वहीचा फाडलेला कागद. लहान मुलाच्या हातचं असावं तसं वेडंवाकडं अक्षर, एका ओळीत तीन-तीन शब्द. 'माझ्या घरातील बाथरूमची भिंत परवानगीशिवाय पाडली जात आहे. घर माझेही आहे. मला विचारलेले नाही. काम थांबवावे.' खाली सही. तिचं नाव, डाव्या हाताने काढलेलं, प्रत्येक अक्षर वेगळं उभं. तारीख ११ फेब्रुवारी.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं हे संमतीपत्र मी अजून आवक वहीत नोंदवलेलं नाही. परत नेता का?"

मी ते घेतलं, चार तुकडे केले, खिशात घातले. बाहेर बाकावर किती वेळ बसलो ते पाहिलं नाही.

१९ मार्च

काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहितो.

घरी आलो आणि तुकडे तिच्या पांघरुणावर ठेवले. तिने ते डाव्या हाताने जुळवून पाहिले. "माझी जुनी सही छान करता," म्हणाली.

"का केलंस असं?"

तिला अजून सलग बोलता येत नाही, शब्द शोधावे लागतात. मी मध्ये बोललो नाही. तिने सांगितलं ते असं. कडी लावली की ती बेसिनला धरून उभी राहायची. एकटी. पहिल्या दिवशी दहापर्यंत मोजलं. मी बेसिन काढलं त्या आठवड्यात दोनशेपर्यंत गेली होती. व्यायामाच्या बाईंना तेवढं माहीत होतं. "घरात तेवढीच जागा होती. कोणी धरत नव्हतं. कोणी 'सांभाळून' म्हणत नव्हतं."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही बाहेर स्टूल टाकून बसला असता. घड्याळ घेऊन."

बसलो असतो. खोटं कशाला बोलू.

मग मी म्हणालो, "त्या कडीमुळे तू मेली असतीस." आणि जे कोणालाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी आत धपकन आवाज झाला, तो मी ऐकला होता. वाटलं, बादली पडली असेल. मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो. पस्तीस मिनिटं. घड्याळवाले आले नसते तर आणखी किती वाचला असता, कोण जाणे.

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"हाक निघत नव्हती. पण ऐकू येत होतं. पानं उलटल्याचं."

पाच महिने. या पाच महिन्यांत तिने एकदाही ते काढलं नव्हतं. विचारलं, का नाही बोललीस? म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

मी तिच्या पायांशी बसून राहिलो. संध्याकाळी वरण-भाताचा कुकर लावायचा राहिला. तिनेच आठवण केली.

२४ मार्च

नवा नकाशा तिने बेतला. शिवणाची टेप मागवून घेतली. मी टेपचं टोक धरून पडलेल्या बाथरूममध्ये ती सांगेल तिथे उभा राहायचो आणि आकडा ओरडून सांगायचो. बेसिन जुन्याच जागी, पण भिंतीत घट्ट बसवलेलं. त्यामुळे खुर्ची आत वळणार नाही. "नकोच वळायला," म्हणाली. दाराला आतून कडी.

त्या कडीवरून दोन दिवस भांडलो. ती ऐकेना, मी ऐकेना. मला अजून त्या दाराचं भय वाटतं आणि ते जात नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "वा, आई बोलायला लागली."

अर्जदार म्हणून तिचं नाव. कडीचा रकाना आम्ही कोराच सोडला. माझी सही सहमालकाच्या जागी.

८ एप्रिल

तपासनीस आल्या. तरुण बाई, पायात जाड बूट. प्रश्न मला विचारायला लागल्या. मी म्हटलं, अर्जदार ही आहे. मग खुर्चीसमोर उकिडव्या बसून त्यांनी हिला विचारलं. हिला उत्तर द्यायला वेळ लागायचा, त्या थांबायच्या. मधे मधे शब्द सुचवायला माझी जीभ शिवशिवत होती.

कडीचा कोरा रकाना पाहून त्यांनीच विचारलं. आम्ही दोघंही एकदम बोललो. त्यांनी दोघांचंही ऐकलं आणि म्हणाल्या, "नियमातच आहे की. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. आत कोणी पडलं तर अंग दारामागे येतं, दार ढकलता येत नाही. कडी आतून लावा, पण बाहेरून किल्लीने उघडेल अशी." आणि लिहूनही टाकलं.

त्या गेल्यावर ही म्हणाली, "किल्ली तुमच्याकडे राहिली तर तुम्ही दर पाच मिनिटांनी उघडाल."

"मग कोणाकडे?"

तिने बोटाने जमीन दाखवली.

२९ एप्रिल

परवानगी मिळाली. तीन शिक्के, दोन सह्या. मिस्त्री सोमवारपासून येतो म्हणाला. म्हणजे बुधवार.

त्याआधी खाली जायचं होतं. घड्याळवाल्यांच्या दारात उभं राहून म्हटलं, "मी तुम्हाला नको ते बोललो. तक्रार तुमची नव्हती." चपला काढत पुढचं बोललो. "आणि ऑक्टोबरातलंही मी तुम्हाला काही बोललो नाही. कधी आभारही मानले नाहीत."

त्यांनी आतली खुर्ची रिकामी केली, तिच्यावरची दोन घड्याळं उचलून. मग मी किल्लीचं सांगितलं. किल्ली बनेल तेव्हा बनेल, पण तुम्ही ठेवाल का?

"ठेवीन," ते म्हणाले. "पण मागायला आलात तर लगेच देणार नाही. एकदा वर जाऊन हाक मारून या म्हणेन."

२१ मे

काम संपलं. साडेतीन महिन्यांनी घरात बाथरूम.

आज सकाळी मी तिला दारापर्यंत नेलं. पुढे बेसिन धरून ती आत गेली. दार लागलं, कडी लागली. ती दारामागून म्हणाली, "आता जा. खाली जाऊन बसा."

खाली गेलो. घड्याळवाल्यांनी काही न विचारता पंखा बंद केला. त्यांच्या मोरीच्या छतातून आमच्या नळीचा आवाज येतो. आधी काहीच आलं नाही. मग पाणी सुरू झालं. मग थांबलं. बराच वेळ थांबलेलंच. किल्ली त्यांच्या टेबलावर, स्प्रिंगांच्या डबीशेजारी. मी तिच्याकडे बघत होतो, ते माझ्याकडे. म्हणालो, "थांबू या अजून."

मग वरच्या खिडकीतून हाक आली, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी. "अहो! टॉवेल राहिला!"

मी अठरा पायऱ्या कशा चढलो ते आठवत नाही. टॉवेल घेऊन दार वाजवलं. कडी निघाली, दार वीतभर उघडलं. ओला हात बाहेर आला, टॉवेल घेऊन आत गेला. दार ओढलं गेलं आणि कडी पुन्हा लागली.